मृत्यूनंतरच्या रक्तातलं भुलीचं औषध : आकडा वाचायचा कसा?

काचेची_कुपी (धागाकर्ती)

न्यायवैद्यक विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सतरा वर्षं गेली. या काळात एक प्रश्न मला फोनवर, कोर्टात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेलाय : "ही पातळी प्राणघातक म्हणायची का?"

बऱ्याच औषधांच्या बाबतीत याला काहीतरी उत्तर देता येतं. उपचाराची पातळी अलीकडे, विषारी पातळी पलीकडे, मधे बरंच मोकळं रान. भुलीच्या औषधांना हे रानच नसतं. प्रोपोफॉलच्या ज्या पातळीला माणूस शस्त्रक्रियेसाठी गाढ झोपतो, त्याच पातळीला जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो, कधी थांबतो. तरी टेबलावरचा रुग्ण सुखरूप उठतो, कारण त्याच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ असतो : हनुवटी वर धरून, मास्क दाबून, नळी घालून. माझ्या यंत्रावर हा भूलतज्ज्ञ उमटत नाही.

समजा, मांडीच्या शिरेतल्या रक्तात प्रोपोफॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं. एक जण ऑपरेशन चालू असताना मोठी रोहिणी फुटून गेला, व्हेंटिलेटर शेवटपर्यंत चालू होता. दुसरा बंद खोलीत एकटा सापडला, दंडाला पट्टा, शेजारी रिकामी कुपी. तिसरा अतिदक्षता विभागात सहा दिवस झोपवून ठेवलेला होता, न्यूमोनियाने गेला. तिघांचा आकडा एकच. मरण तीन तऱ्हांचं.

जगाला माहीत असलेलं उदाहरण मायकेल जॅक्सनचं. २५ जून २००९. शवविच्छेदनाच्या अहवालात प्रोपोफॉल हृदयातल्या रक्तात ३.२, मांडीच्या रक्तात २.६ आणि रुग्णालयात घेतलेल्या रक्तात ४.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. मोठ्या शस्त्रक्रियेत साधारण २ ते ६ ठेवतात. म्हणजे रोज कुठल्याही ऑपरेशन थिएटरात सापडतील असेच हे आकडे. तरीही मृत्यूचं कारण 'प्रोपोफॉलची तीव्र विषबाधा' असं लिहिलं गेलं आणि ते बरोबरच होतं, कारण ही पातळी एका घरातल्या शयनगृहात होती आणि भुलीच्या वेळी लागतं ते निरीक्षण तिथे नव्हतं. लोराझेपाम आणि मिडाझोलाम ही गुंगी आणणारी औषधंही रक्तात होतीच. त्याच्या खासगी डॉक्टरवर चाललेल्या २०११च्या खटल्यात तर आणखी गंमत झाली (गंमत हा शब्द इथे बरा नव्हे, पण राहू दे). दोन नामवंत भूलतज्ज्ञांनी याच आकड्यांवरून दोन वेगळ्या हकिगती मांडल्या. एक म्हणाले, सलाइनसारखा थेंबथेंब प्रवाह मृत्यूपर्यंत चालू होता. दुसरे म्हणाले, रुग्णाने स्वतःच टोचून घेतलं. ज्यूरीने डॉक्टरला दोषी ठरवलं, पण ते आकड्यांच्या जोरावर कमी आणि देखरेख नव्हती यावर जास्त, असं माझं मत.

धागा काढायचं कारण : 'उपचारात्मक-विषारी-प्राणघातक' अशा तीन रकान्यांचे तक्ते सगळीकडे फिरतात आणि लोक त्यात बोट ठेवून निकाल वाचतात. त्या तक्त्यांतले उपचाराचे आकडे बहुतेक जिवंत माणसाच्या प्लाझ्मातले (पेशी वगळून उरलेल्या द्रवातले) असतात. आम्ही मोजतो ते पूर्ण रक्त, तेही मृताचं, कधी गोठलेलं, कधी कुजायला लागलेलं. प्रोपोफॉलचा बराच भाग तांबड्या पेशींना चिकटून असतो. प्लाझ्माचा आकडा आणि रक्ताचा आकडा शेजारी ठेवायचे तर आधी हे ध्यानात हवं.

अनुभव असलेल्यांनी लिहावं. चुकलं असेल तर कान धरावा.

---

भूलभुलैया
*सहमत, थोडी भर*

मी त्या डोक्याशी बसणाऱ्या जमातीतला. (नाव त्यावरूनच घेतलंय, कोटी जुनी आहे, माहीत आहे.)

फेंटानिल या अफूवर्गी वेदनाशामकाचं घ्या. जागा असलेल्या, स्वतः श्वास घेणाऱ्या माणसाला वेदना कमी करायला १ ते ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतात. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही २० किंवा त्याच्याही वर नेतो, कारण श्वास यंत्र घेतंय. दुसऱ्या दिवशी तोच रुग्ण चहा मागतो. आता तक्त्यात बघाल तर २० म्हणजे उघड मृत्यू. उलट बाजूने, कधीही अफूवर्गी औषध न घेतलेल्या, झोपेत घोरणाऱ्या वृद्धाला ३सुद्धा जड जाऊ शकतात. आणि महिनोन्‌महिने फेंटानिलची चिकटपट्टी लावणारा कर्करोगाचा रुग्ण दोन अंकी पातळीवर बसून गप्पा मारतो. सवय झालेली असते.

म्हणून अहवालात वजन, वय, आजार यांच्या आधी मी एक गोष्ट शोधतो : याला या औषधाची सवय होती का?

---

साधाप्रश्न
*बाळबोध शंका*

मी या क्षेत्रातला नाही. माणूस गेला की रक्ताभिसरण थांबलं. मग रक्तातलं औषध जिथे आहे तिथेच राहायला हवं ना? हृदयात ३.२ आणि मांडीत २.६ असा फरक कसा पडतो?

---

काचेची_कुपी
*शंका अजिबात बाळबोध नाही*

हाच तर सगळ्या गोंधळाचा उगम. रक्त थांबतं, औषध थांबत नाही. याला मृत्यूत्तर पुनर्वितरण म्हणतात. पाउंडर आणि जोन्स यांनी १९९० मध्ये विषशास्त्रातलं दुःस्वप्न म्हणून याच्यावर लिहिलं आणि ते दुःस्वप्न अजून संपलेलं नाही.

भुलीची बहुतेक औषधं स्निग्ध पदार्थांत विरघळणारी. जिवंतपणी ती फुप्फुसं, यकृत, हृदयाचा स्नायू, चरबी यांत शिरून बसतात. मृत्यूनंतर पेशींना ऊर्जा मिळत नाही, आम्लता वाढते, पेशींची आवरणं सैल पडतात आणि आत साठलेलं औषध शेजारच्या रक्तात झिरपायला लागतं. हृदयातलं रक्त या साठ्यांच्या मधोमध असतं. मांडीची शीर त्या मानाने लांब, भोवती स्नायू आणि चरबी, मोठं इंद्रिय जवळ नाही. म्हणून नमुना मांडीतून घ्यायचा, आणि तोही शीर वरच्या बाजूला बांधून किंवा चिमट्याने दाबून. नाहीतर पिचकारी जोरात ओढली की पोटातलं रक्त खाली येतं आणि बाटलीवर नाव मात्र 'मांडीचं रक्त'.

हृदय आणि मांडी यांतल्या आकड्यांचं गुणोत्तर एकाच्या आसपास असेल तर सरमिसळ फार झाली नसावी. जॅक्सन प्रकरणात ते १.२च्या जवळ येतं. फेंटानिलमध्ये हा फरक बराच मोठा निघू शकतो. गुणोत्तर एक आलं म्हणजे आकडा मृत्यूच्या क्षणाचा आहे असंही नाही, कारण मांडीतली पातळीसुद्धा तासांगणिक हलते. कधी वर, कधी खाली. फक्त हळू.

बाटलीत रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड, बाटली थंडीत. शव किती वेळ कुठल्या तापमानात होतं आणि नमुना किती तासांनी घेतला, हे अर्जावर लिहिलेलं नसेल तर मी फोन करून विचारते. दहातल्या सात वेळा 'बघून सांगतो' असं उत्तर येतं.

---

तिसरी_पाळी
*शवागारातून*

शवविच्छेदन करणारा. वरचं सगळं वाचून टाळ्या, पण टेबलावर काय घडतं तेही लिहितो.

भुलीखाली किंवा भुलीनंतर लगेच झालेला मृत्यू असेल तर शवाला लावलेलं काहीही काढू नये, हा पहिला नियम. घशातली नळी, मानेतली लाइन, हातातली सुई, मूत्रनळी, सगळं जसंच्या तसं. नातेवाईकांना वाईट दिसू नये म्हणून वॉर्डातली माणसं सगळं काढून, चेहरा पुसून शव पाठवतात. हेतू चांगला असतो. पण नळी अन्ननलिकेत होती की श्वासनलिकेत, हा प्रश्न तिथेच कायमचा संपतो.

दुसरं, ज्या हातात सलाइन चालू होतं त्या बाजूचं रक्त घ्यायचं नाही. हृदय बंद पडताना किंवा पडल्यावर दिलेलं औषध पुढे सरकतच नाही, सुईच्या तोंडाशी साठून राहतं. तिथून नमुना घेतला तर आकडा आभाळाला टेकतो.

तिसरं, लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. नळी घालताना तिला लिग्नोकेनची जेली लावलेली असू शकते, घशात फवारा मारलेला असतो, प्रोपोफॉल टोचताना हात चुरचुरतो म्हणून त्यातही थोडं मिसळतात. रक्तात लिग्नोकेन दिसलं की लगेच 'अरे हे कुठून आलं' म्हणून दचकू नये.

चौथं, हुंगायची औषधं. सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, जुन्या काळचं हॅलोथेन. ही उडून जातात. अर्धी भरलेली बाटली, वर सैल रबरी बूच, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्मा पुरावा बुचाखालच्या हवेत आणि उरलेला रबरात. काचेची लहान बाटली काठोकाठ भरायची, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण घट्ट लावायचं आणि गोठवायचं. फुप्फुसाचा तुकडाही याच पद्धतीने. आधीच कळवलं नसेल तर प्रयोगशाळा नेहमीच्या चाचणीत हे शोधेलच असं नाही.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे रुग्ण दवाखान्यात आला तेव्हा घेतलेलं पहिलं रक्त. ते जिवंत माणसाचं रक्त आहे! दवाखान्याची प्रयोगशाळा ते थोडे दिवस ठेवते आणि टाकून देते. मृत्यूची बातमी कळल्याबरोबर पहिला फोन तिथे करावा.

---

उलटतपासणी
*मग तुमचा उपयोग काय?*

वकील आहे. राग नको, पण वरचे प्रतिसाद वाचून वाटतंय की विषशास्त्राचा अहवाल कोर्टात आणण्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

गंभीर प्रश्न असा. औषध शरीरात किती लिटरमध्ये पसरतं त्याचा आकडा पुस्तकात असतो. रक्तातली पातळी तुम्ही मोजली. दोन्हींचा गुणाकार केला की दिलेला डोस मिळायला हवा. आमच्या समोरच्या बाजूचे तज्ज्ञ हा गुणाकार फळ्यावर करून दाखवतात आणि तो फार पटण्यासारखा दिसतो. यात खोट कुठे आहे?

---

काचेची_कुपी
*फळ्यावरचा गुणाकार*

वकीलबाई, करूनच बघू.

फेंटानिलचं वितरण आकारमान (तुम्ही म्हणता तो पुस्तकातला लिटरचा आकडा) साधारण ४ लिटर प्रति किलो धरतात. ७० किलोच्या माणसाचे झाले २८० लिटर. मांडीच्या रक्तात १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅम. गुणाकार २८०० मायक्रोग्रॅम. फेंटानिलची दोन मिलिलिटरची नेहमीची कुपी १०० मायक्रोग्रॅमची. म्हणजे २८ कुप्या! कोर्टात एकदम शांतता पसरते.

आता तोच माणूस टोचल्यावर मिनिटभरात गेला असं धरा. औषध चरबी-स्नायूंत पसरायला वेळच मिळाला नाही, ते अजून रक्त आणि रक्ताने भरलेल्या इंद्रियांतच फिरतंय. हे सुरुवातीचं आकारमान १२-१३ लिटरचं असतं. १३ गुणिले १०, म्हणजे १३० मायक्रोग्रॅम. सव्वा कुपी.

एकच रक्त, एकच आकडा, सव्वा कुपी ते अठ्ठावीस. मधलं सगळं उत्तर 'किती वेळ जिवंत होता' यावर टांगलेलं, आणि बहुतेक वेळा तेच तर शोधायचं असतं. त्यात पुनर्वितरणाने १० हा आकडाच मूळचा ४ असू शकतो. हा गुणाकार जिवंत, स्थिर अवस्थेतल्या माणसासाठी आहे. मृतावर तो लावू नये, हे माझ्या क्षेत्रातलं जुनं आणि सतत मोडलं जाणारं पथ्य.

चूक फक्त वरच्या बाजूला होते असंही नाही. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतल्या देहदंडाच्या कैद्यांवर एक शोधलेख आला. विषारी इंजेक्शनात पहिलं औषध थायोपेंटोन होतं. ४९ कैद्यांच्या मृत्यूनंतरच्या रक्तात ते मोजलेलं होतं. ४३ जणांत शस्त्रक्रियेला लागते त्यापेक्षा कमी पातळी निघाली आणि २१ जणांची तर शुद्धीत असू शकेल इतकी कमी. लेखकांचा निष्कर्ष असा की भूल अपुरी होती आणि कैदी जागे असावेत. लगेच आक्षेपाची पत्रं आली : हे रक्त मृत्यूच्या क्षणाचं नाही, नंतर घेतलेलं आहे. थायोपेंटोन एका झटक्यात दिलं आणि हृदय लवकर थांबलं, तर रक्तात खूप आणि ऊतींमध्ये कमी अशी स्थिती राहते. मग तासांगणिक ते रक्तातून बाहेर झिरपतं आणि पातळी घसरते. म्हणजे फेंटानिलच्या उलटी दिशा. देहदंड असावा की नसावा हा वाद वेगळा, त्या इंजेक्शनात माणसं जागी राहिली असतीलही. पण ते या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

उपयोग काय, याचं उत्तर संध्याकाळी लिहिते. यंत्र बोलावतंय.

---

रटाळ_रसायन
*वाचनखूण साठवली*

सव्वा ते अठ्ठावीस हे वाचून चहा सांडला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

काचेची_कुपी
*उपयोग काय (संध्याकाळ झाली)*

एकट्या आकड्याला मी विचारत नाही, त्याच्या शेजाऱ्यांना विचारते.

यकृत औषधाचे तुकडे करतं. केटामीन या भुलीच्या औषधाचं नॉरकेटामीन, फेंटानिलचं नॉरफेंटानिल, मिडाझोलामचं हायड्रॉक्सी रूप, लिग्नोकेनचं एमईजीएक्स. मूळ औषध भरपूर आणि तुकडा नावालाही नाही, तर औषध मिळाल्यावर रक्ताभिसरण फार वेळ चाललं नाही असा कल दिसतो. तुकडा भरपूर असेल तर माणूस काही काळ जगला किंवा औषध आधीपासून चालू होतं. हृदय बंद पडल्यावर मालिश करताना दिलेल्या लिग्नोकेनचं एमईजीएक्स बनायला वाव नसतो, म्हणून हे जोडपं फार कामाचं.

डोळ्यातला द्रव, व्हिट्रियस. तो बंदिस्त, कुजण्यापासून बराच सुरक्षित, आणि औषध त्यात सावकाश उतरतं. रक्तात भरपूर, डोळ्यात किरकोळ, तर मामला झटपट झाला असावा. 'असावा' हा शब्द मी साक्षीत सोडत नाही, कितीही दरडावलं तरी.

लघवीत औषधाचं ग्लुकुरोनाइड (शरीराने बाहेर टाकण्यासाठी बदललेलं रूप) असेल तर मूत्रपिंडं चालू असताना ते शरीरात होतं. केसांत प्रोपोफॉलची खूण सापडली तर वापर जुना आहे. हे औषध हाताशी असणाऱ्या, वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसाच्या मृत्यूत हे बघावं लागतं. दुखरा विषय आहे, इथे जास्त लिहीत नाही.

आणि घटनास्थळ. पिचकाऱ्या, कुप्या, औषध ठरल्या वेगाने सोडणारे पंप. पंपाच्या आतल्या नोंदीत कितीला, किती वेगाने, कधी थांबलं हे मिनिटासकट असतं. डोस शोधायचाच असेल तर तो तिथे शोधावा. पंप धुऊन-पुसून पुढच्या रुग्णाला लावण्याआधी तो बाजूला काढला पाहिजे, एवढंच.

---

भूलभुलैया
*शून्य आकडाही फसवतो*

आत्तापर्यंत 'सापडलं' यावर बोललो. 'सापडलं नाही' हेही तितकंच निसरडं आहे.

रेमिफेंटानिल नावाचं औषध आम्ही रोज वापरतो. रक्तातली आणि ऊतींतली विकरं (एन्झाइम) ते तोडतात, पंप बंद केला की काही मिनिटांत परिणाम निम्म्यावर. ही विकरं बाटलीतही काम चालूच ठेवतात. नमुना लगेच थंड करून आम्लयुक्त केला नसेल तर प्रयोगशाळेत पोचतो तो फक्त आम्लरूपातला तुकडा. तो तुकडा मुद्दाम शोधावा लागतो.

सक्सिनिलकोलिनचं आणखी अवघड. ते भुलीचं औषध नव्हे, स्नायू सैल करणारं, पण आमच्याच पेटीतलं.

---

रटाळ_रसायन
*सक्सिनिलकोलिनवरून आठवलं*

अवांतर, पण इथे नाही तर कुठे लिहिणार.

१९६७ मध्ये फ्लोरिडात कार्ल कोपोलिनो नावाच्या भूलतज्ज्ञाला पत्नीच्या खुनासाठी शिक्षा झाली. आरोप सक्सिनिलकोलिनचा. शव पुरलेलं होतं, उकरून काढलं आणि ऊतींमध्ये त्या औषधाचे विघटित तुकडे सापडल्याची साक्ष झाली. त्यातला एक सक्सिनिक आम्ल, जे प्रत्येक जिवंत पेशीत असतंच! पुढे लोक सक्सिनिलमोनोकोलिन या मधल्या तुकड्याकडे वळले, तो निसर्गतः शरीरात नसतो असं धरून. २००३ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की औषध न मिळालेल्या मृतांच्या ऊतींतही तो सापडतो.

दुसरं प्रकरण न्यू जर्सीतलं. १९६५-६६च्या मृत्यूंसाठी दहा वर्षांनी शवं उकरली, त्यांत क्युरारे (हेही स्नायू सैल करणारं) सापडलं असं एका बाजूने सांगितलं, इतकी वर्षं ते टिकूच शकत नाही असं दुसऱ्या बाजूने. १९७८ मध्ये आरोपी असलेला शल्यविशारद निर्दोष सुटला.

मला यातून एकच कळलं. नुसतं 'सापडलं' ऐकायचं नाही, 'औषध न मिळालेल्या शंभर मृतांत शोधलंत का' हेही विचारायचं.

---

उलटतपासणी

हा शेवटचा प्रश्न मी चोरते आहे. आधीच सांगून ठेवते.

---

साधाप्रश्न
*माझा खरा प्रश्न*

दोन दिवस धागा वाचतोय. आधी लिहायला धीर झाला नाही.

माझा मामा दोन वर्षांपूर्वी एका छोट्या प्रक्रियेसाठी गेला. दुर्बिणीने पोट बघायचं होतं, अर्ध्या तासाचं काम. परत आला नाही. विषशास्त्राच्या अहवालात लिहिलंय : 'प्रोपोफॉल आढळले. पातळी उपचारात्मक मर्यादेत.' घरच्यांनी त्याचा अर्थ लावला की औषधाचा काही दोष नाही, हृदयच कमजोर असणार. मामी अजून म्हणते, त्याने सिगरेट सोडायला हवी होती. वरचं वाचल्यावर तो अर्थ बरोबर आहे की नाही, हेच कळेना.

---

तिसरी_पाळी

वाईट वाटलं वाचून.

'उपचारात्मक मर्यादेत' या शब्दांनी भल्याभल्यांना चकवलंय. कॉलराडोतल्या ऑरोरा शहरात ऑगस्ट २०१९ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणाला, मान आवळून जमिनीवर दाबून धरल्यानंतर, पॅरामेडिकांनी ५०० मिलिग्रॅम केटामीन टोचलं. त्याचं वजन ६५ किलोच्या आसपास, अंदाज मात्र ९० किलोचा केला गेला. पहिल्या अहवालात केटामीनची पातळी उपचारात्मक म्हटली होती आणि मृत्यूचं कारण अनिर्णित. नंतर आणखी चित्रफिती आणि कागद बघून २०२१ मध्ये अहवाल बदलला : बळजबरीने जखडल्यानंतर दिलेल्या केटामीनमुळे झालेली गुंतागुंत. दोन्ही अहवालांच्या मधे रक्ताचा आकडा बदललेला नव्हता.

तुमच्या मामांबाबत काय झालं हे मी इथून सांगू शकत नाही, सांगूही नये. त्या ओळीचा अर्थ एवढाच की प्रोपोफॉल होतं आणि झोपवायला लागतं तितकं होतं. श्वास चालू होता का, हे ती ओळ सांगत नाही.

---

भूलभुलैया

@साधाप्रश्न, तिसरी_पाळी यांच्याशी सहमत. दुसरी बाजूही ठेवतो, नाहीतर भूल देणाऱ्यावर आधीच बोट ठेवल्यासारखं होईल. भुलीखाली माणूस ज्या कारणांनी जातो त्यातली कित्येक रक्तातल्या औषधात दिसतच नाहीत. तीव्र ॲलर्जी असेल तर ट्रिप्टेज नावाचं प्रथिन वाढतं, जिवंतपणी त्याचं अर्धायुष्य दोनेक तासांचं, म्हणून ते वेळेत घेतलेल्या रक्तात शोधावं लागतं. हुंगायच्या औषधांनी किंवा सक्सिनिलकोलिनने ताप भडकणारा आनुवंशिक विकार असतो, तो जनुकांत शोधतात; नुसत्या प्रोपोफॉलने तो होत नाही. पोटातलं फुप्फुसात जाणं, हवेचा बुडबुडा, खरोखरच हृदयविकार. शवविच्छेदनात यातलं काही नोंदलंय का ते बघा.

मग भुलीचा तक्ता मागा. त्यात दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचं प्रमाण लिहिलेलं असतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजत होते का, हे बघा. ऑक्सिजनचा आकडा नाकात ऑक्सिजनची नळी असली की उशिरा पडतो, कार्बन डायऑक्साइडची रेघ श्वास थांबला की लगेच सपाट होते. मॉनिटरच्या साठवणीतली छापील नोंद मिळाली तर हस्तलिखित तक्त्याशेजारी ठेवून वेळा जुळवा.

---

काचेची_कुपी

@साधाप्रश्न, अहवालात तीन गोष्टी शोधा : रक्त शरीरात कुठून घेतलं, मृत्यूनंतर किती तासांनी, आणि प्रोपोफॉलशिवाय आणखी काय काय शोधलं. मिडाझोलाम किंवा फेंटानिल सोबत दिलेलं असेल तर प्रत्येकाची पातळी 'मर्यादेत' असूनही ती सगळी मिळून श्वास थांबवू शकतात. तक्त्यात प्रत्येक औषधाची वेगळी ओळ असते, बेरजेची नसते. राहिलेला नमुना अजून जपून ठेवलाय का, हे त्या प्रयोगशाळेला लेखी विचारा. ठराविक मुदतीनंतर नमुने नष्ट करतात, तेव्हा पत्र लवकर जाऊ दे.

---

साधाप्रश्न

अहवाल उघडून बसलोय. नमुन्यापुढे फक्त 'रक्त' लिहिलंय, कुठलं ते नाही. मिडाझोलाम शोधल्याची नोंद नाही, पण फाइलमधल्या औषधांच्या बिलात त्याची एक कुपी लावलेली आहे. तक्ताही मिळाला. १०:४० ते ११:०५ ऑक्सिजन दर पाच मिनिटांनी ९९, ९९, ९९ असंच लिहिलंय, त्यानंतर थेट 'सीपीआर सुरू'. फोटो इथे टाकू का?

---

उलटतपासणी

नको! इथे अजिबात टाकू नका, आणि हा प्रतिसादही शक्य असेल तर संपादकांना सांगून काढून घ्या. मूळ कागदांवर काहीही खुणा करू नका. मॉनिटरच्या छापील नोंदीसाठी आणि उरलेल्या नमुन्यात मिडाझोलाम शोधण्यासाठी, अशी दोन वेगळी पत्रं, तारीख घालून, पोच घेऊन. मसुदा लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

साधाप्रश्न

व्यनि केलाय.